सकाळी आठचा सांगावा

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

मोठी माय,

पाया पडतो. मोठ्या बाबांच्या तेरवीनंतर मी निघालो तेव्हा तू म्हणाली होती, फोन नको, पत्र लिही. घरात नेटवर्क नाही, तलावाच्या पाळीवर चढून, उभं राहून बोलायचं, बाजूला बाया धुणं धुणार, त्यात मन मोकळं होत नाही. मी हो म्हटलं आणि तीन महिने गेले. पोट्टा पुण्याला गेला अन् पुण्याचाच झाला, असं तू मनात म्हटलं असणार. चूक कबूल आहे.

आता कामाचं सांगतो. सरकारची एक नवी सेवा येणार आहे, नाव 'सांगावा'. तलावाचं पाणी कोणत्या दिवशी सोडणार, लसीकरण कुठल्या वारी, धान खरेदी कधी सुरू, अशा सूचना थेट माणसाच्या फोनवर जाणार. ज्याला वाचता येत नाही त्याला फोन लागतो आणि मशीनमधली बाई बोलून सांगते. हे सगळं ज्या क्लाउडवर चालणार आहे, त्याची मांडणी माझ्याकडे आहे. क्लाउड म्हटलं की तू वर आभाळाकडे पाहशील, म्हणून समजावतो. आपल्या गावात कोणी घरी राइस मिल बसवत नाही. धान मिलवर नेतात, भरडून आणतात. तसे दुसऱ्याच्या कारखान्यातले मोठे कॉम्प्युटर आम्ही कामापुरते भाड्यानं घेतो. गर्दी वाढली की दोनाचे वीस आपोआप सुरू होतात, ओसरली की बंद पडतात. किती कधी सुरू करायचे, एक बिघडला तर त्याचं काम कोणी उचलायचं, हे सगळं आधीच लिहून ठेवावं लागतं. ते लिहिणारा मी.

सध्या चाचणी चालू आहे. जिथं नेटवर्क कमी आहे अशा गावचे नंबर हवे होते, तर टीममधल्या प्रत्येकानं आपल्या नात्यातले दिले. मी तुझ्याकडचा दिला, मोठ्या बाबांचा. रोज सकाळी बरोबर आठला फोन येईल. एक्केचाळीस सेकंदांचा आहे, शेवटपर्यंत ऐकायचा. उचलला नाही किंवा मधेच ठेवला तर माझ्या नावापुढे लाल खूण पडते आणि आमच्या प्रिया मॅडम जाब विचारतात. म्हणून आठच्या आधी पाळीवर जाऊन बसत जा. परवा मंगरूकाका मासे विकायला अर्जुनीला गेले तेव्हा तिथल्या दुकानातून त्यांनी मला फोन केला होता. तेरवीपासून तू अंगणाच्या बाहेर पडली नाही म्हणाले. या निमित्तानं तुझं फिरणं होईल.

आई गेल्यावर बाबांनी आमगावला दुसरा संसार मांडला आणि तू मला उचलून घरी आणलं. तुला आजवर मी काही काम सांगितलं नाही. हे एवढं कर.

तुझा,
ओमेश


मोहटोला, २४ फेब्रुवारी

ओमेश बाबू,

पत्र भेटलं. तीन महिन्यांनी भेटलं, पण भेटलं.

तुझं काम मी करून राहिली. पण आधी माझं भांडण ऐक.

पहिल्या दिवशी मी पावणेआठलेच पाळीवर जाऊन बसली. मंगरू डोंग्यात होता, जाळं ओढत होता. मले पाहून त्यानं तिकडूनच हात केला. फोन वाजला, मी उचलला. बाई म्हणे नमस्कार, अन् लगेच तिनं त्यायचं नाव घेतलं. आडनावासकट. एकेक अक्षर तोडून तोडून घेतलं. माझ्या हातातून फोन खाली पडला. तुले समजते का तू का केलं ते?

चव्वेचाळीस वर्षं मी त्या माणसाचं नाव घेतलं नाही. 'ऐकलं का' म्हटलं, 'ओमेशचे मोठे बाबा' म्हटलं, भांडणात 'हे माणूस' म्हटलं, पण नाव नाही. तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावातल्या सगळ्या पोराईचं नाव रजिस्टरात माझ्या हातचं आहे. पण माझ्या स्वतःच्या फॉर्मवर त्यायचं नाव लिहायची वेळ आली का मी सुपरवायझर बाईच्या हातात पेन देत होती. त्या हसायच्या अन् लिहायच्या. माझी सही आजही बायजाबाई के. कापगते अशीच आहे. त्या 'के'च्या पुढं माझा पेन कधी गेला नाही. आजकालच्या पोरी नवऱ्याले नावानं हाक मारतात, मारू दे, त्यायचं मले काही नाही. माझ्या तोंडातून निघत नाही, बस.

अन् ते गेले तेव्हापासून या घरात ते नाव कोणी घेतलंच नाही. कोण घेणार? मी एकटी. येणारे लोक 'भाऊ गेले' म्हणतात, 'काका गेले' म्हणतात, चहा पितात अन् जातात. गेलेल्या माणसाचं नाव सरकारी मशीनमध्ये टाकताना तुले काहीच कसं वाटलं नाही?

दुसऱ्या दिवशी मी गेली ती याच्यासाठी, का शेवटपर्यंत ऐकायचं, मंग तुले कडक पत्र लिहायचं का बंद कर हे. शेवटपर्यंत ऐकलं तेव्हा समजलं, ती बाई सगळं सांगून झाल्यावर अजून एकदा नाव घेते अन् आपला दिवस चांगला जावो म्हणते. मी तशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मी डोक्याले तेल लावलं, धुतलेलं लुगडं नेसलं अन् गेली. मंगरूनं विचारलं, वहिनी, कुठं निघाल्या? मी म्हटलं, सरकारी काम आहे.

आता काढू नको. राहू दे.

जेवून घेत जा. सही सवयीनं करून राहिली, हसू नको.

तुझी मोठी माय,
बायजाबाई के. कापगते


पुणे, १४ मार्च

मोठी माय,

तुझं पत्र चारदा वाचलं. खरंच सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नाही. नंबर टाकला की नावाची जागा रिकामी ठेवता येत नाही. सिम मोठ्या बाबांच्या नावावर म्हणून मी सरळ 'केशोराव कापगते' टाकलं आणि पुढच्या नंबरावर गेलो. मजकूर सगळ्यांना एकच आहे, नमस्कार अमुक, ही सांगावा सेवेची चाचणी आहे, यापुढे शासकीय सूचना आपल्याला अशाच मिळतील, आणि शेवटी पुन्हा नाव घेऊन शुभेच्छा. शेवटचं नाव मीच घालायला लावलं होतं, लोक शेवटपर्यंत ऐकतात का ते कळावं म्हणून. तू काढू नको म्हणाली, तर तसंच ठेवतो.

तुला एक गंमत सांगतो. माझ्यासमोर स्क्रीनवर चाचणीचे दोनशे बारा नंबर दिसतात. ज्यानं पूर्ण ऐकलं त्याच्यापुढे हिरवी खूण, बाकी पिवळ्या नाहीतर लाल. लोक सात सेकंदांत ठेवतात, दहा सेकंदांत ठेवतात, कोणी शिवी देऊन ठेवतो. रोज न चुकता एक्केचाळीस सेकंद ऐकणारा दोनशे बारांत एकच नंबर आहे. प्रिया मॅडमनी मीटिंगमध्ये तो सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, हे आदर्श नागरिक कोण आहेत? मी म्हटलं, आमच्या घरचे आहेत.

इथलं विचारशील तर काम आणि खोली, दोनच. टीममधले सगळे आपापल्या घरून काम करतात. दिवसभर कानाला हेडफोन असतो आणि संध्याकाळी तो काढला की खोलीत पंख्याचा आवाज उरतो. शेजारच्या दारासमोरच्या चपला मी ओळखतो, माणसं ओळखत नाही. सकाळी आठला चहाचा कप घेऊन मी स्क्रीनसमोर बसतो. तुझी ओळ हिरवी झाली की पहिला घोट घेतो. माय उठली, पाळीवर गेली, बरी आहे, एवढं कळतं. मग दिवस सुरू होतो. त्यामुळे मी फोन करत नाही म्हणून रागावू नको, तुझी खुशाली मला रोज कळते.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. पोच मिळाली नाही तर फोन पुन्हा लावायचा, असं मी लिहून ठेवलं आहे. सात मार्चला पोच येण्याचा रस्ताच बंद पडला आणि लोकांनी उचलला तरी मशीनला वाटत राहिलं की कोणी उचललाच नाही. मॅडम खूप बोलल्या. तुला त्या दिवशी किती फोन आले?

तुझा,
ओमेश


मोहटोला, ५ एप्रिल

ओमेश बाबू,

अकरा.

पहिला ठेवला अन् उठली, तर दुसरा. मी म्हटलं, आज का झालं? मंग तिसरा. मी परत बसली. घरी चुलीवर गंजात भात ठेवून गेली होती, तो जळून कोळसा झाला, गंज घासाले दोन दिवस लागले. मंगरू मासे घेऊन वर आला तर त्यालेही ऐकवला. तो तर नाव ऐकून फोनलेच 'हाव जी, हाव जी' म्हणून राहिला. साऱ्या गावात त्यायले नावानं हाक मारणारा हाच एक होता, सोबत शाळेत गेलेला. शेवटी म्हणे, वहिनी, माणूस होता तेव्हा त्याले इतकं कोणी बोलावलं नाही. साडेनऊले बंद झालं तरी मी दहापर्यंत बसून होती, बारावा येते का म्हणून.

तुझ्या मॅडमले सांग, आमच्याकडून तक्रार नाही.

मोहफुलं पडून राहिली आहेत. दरवर्षी आम्ही दोघं पहाटे टोपली घेऊन जात होतो, ते बाजूले उभे राहून बोलत राहायचे, मी वाकून वेचत राहायची. औंदा मी गेली नाही. एकटीनं वेचलं तर कोणासाठी वेचायचं.

आता खरं काम ऐक, याच्यासाठीच पत्र लिहून राहिली. तीस एप्रिलले आखाजी आहे, तुमच्या पुण्याची अक्षय तृतीया. ते गेल्यानंतरची पहिली. आपल्याकडं पहिल्या आखाजीले गेलेल्याच्या नावानं घागर भरतात, हे तुले मालूम आहे. घरचा माणूस समोर बसते, नाव घेते अन् पाणी सोडते. नाव घेतल्याशिवाय ते पाणी त्यायले पोचत नाही. बाकी सारं मी करीन. घागर आणीन, आंबा आणीन, वडे करीन. पण नाव मी कशी घेऊ? मंगरू घेईन म्हणते, पण तो घरचा नाही. तू घरचा आहे. त्यायनं तुले खांद्यावर बसवून शाळेत नेलं.

दोन दिवस ये. एक दिवस आला तरी चालते. पहाटेच्या गाडीनं गोंदियाले उतरजो, तिथून अर्जुनीची गाडी भेटते. मंगरू कोणाची मोटारसायकल मागून आणून तुले घ्याले येईन.

फक्त नाव घ्याचं आहे. बाकी काही नाही मागत.

तुझी मोठी माय,
बायजाबाई के. कापगते


पुणे, २० एप्रिल

मोठी माय,

हे पत्र लिहायला मी पाच दिवस लावले.

मला येता येत नाही. एक मे, महाराष्ट्र दिनाला सांगावा सुरू होणार आहे. मोठा कार्यक्रम आहे, मंत्री बटण दाबणार आणि तेव्हाच तीस लाख लोकांना फोन जाणार. त्याच्या आधीचे तीन दिवस मशीनपासून हलायचं नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद आहे. रजा मागितली, मिळाली नाही. पोळ्याला नक्की येतो.

अजून एक सांगायचं आहे, तेही आजच सांगतो. खरी सेवा सुरू झाली की चाचणीचं सगळं पुसून टाकावं लागतं. ते दोनशे बारा नंबर, त्यांची नावं, भाड्यानं घेतलेली चाचणीची मशीनं, सगळं. खऱ्या यादीत गेलेल्या माणसाचं नाव ठेवता येत नाही, तो नियम आहे आणि तो बरोबरच आहे. तुझा शेवटचा फोन तीस एप्रिलला येईल. मी तारीख मागे-पुढे करून पाहिली, जमलं नाही.

आता मी जे लिहिणार आहे त्यानं तू चिडशील. तीस एप्रिललाच आखाजी आहे. आठ वाजता ती बाई नाव घेणार, आधी एकदा आणि शेवटी एकदा. तू घागर पाळीवर नेली आणि ती नाव घेताना पाणी सोडलं तर? ते नाव मशीनमध्ये मीच टाकलं आहे, म्हणजे एका अर्थी घरच्यानंच घेतल्यासारखं होईल. मला माहीत आहे हे कसं वाटतं. पण मला दुसरं काही सुचलं नाही.

मी इथं आठला स्क्रीनसमोर उभा राहीन. एक्केचाळीस सेकंद हात जोडून उभा राहीन.

माफ कर.

तुझा,
ओमेश


पुणे, १७ मे

मोठी माय,

तुझं उत्तर आलं नाही. एप्रिलच्या पाच तारखेनंतर तुझं एकही पत्र नाही.

तीस तारखेला आठला मी उभा होतो. ओळ हिरवी झाली, पूर्ण एक्केचाळीस सेकंद. मला वाटलं, मायनं घागर नेली, पाणी सोडलं. खूप हलकं वाटलं. संध्याकाळी मी माझ्या हातानं चाचणीची यादी पुसली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला, तीस लाख फोन गेले, एकही मशीन बंद पडलं नाही. टाळ्या झाल्या, मॅडमनी माझं नाव घेतलं. घरी आलो आणि कोणाला सांगावं ते कळेना.

दोन मेला आठ वाजता मी सवयीनं चहा घेऊन बसलो. स्क्रीनवर आता लाखो ओळी आहेत. तुझी नाही. चहा तसाच गार झाला. त्या दिवसापासून मी तुला रोज फोन लावतो, नेटवर्कच्या बाहेर आहे असं सांगतात. साहजिक आहे, आता आठला पाळीवर जायचं तुला काही कारण उरलं नाही. मंगरूकाकांकडे फोन नाही, अर्जुनीच्या त्या दुकानाचा नंबर मी जपून ठेवला नाही. गावात कोणाचा नंबर माझ्याकडे नाही. तीस लाख माणसांना एका दमात निरोप पोचवणारा मी, मला माझ्या घरी निरोप पोचवता येत नाही.

तुला दोन गोष्टी खोट्या सांगितल्या होत्या, त्या आता सांगून टाकतो. लाल खूण माझ्या नावापुढे कधीच पडणार नव्हती. कोणी उचलो न उचलो, मला कोणी विचारत नव्हतं. तू घराबाहेर पडावं आणि तू बरी आहे हे मला रोज कळावं, म्हणून मी ते बनवून सांगितलं. फोन करायचा तर बोलावं लागतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

दुसरं. रजा मी मागितलीच नाही. मागितली असती तर दोन दिवस मिळाले असते. मला त्या घराची भीती वाटते, मोठी माय. दाराशी त्यांच्या चपला नसतील, पडवीत त्यांचं खोकणं नसेल. तेरवीला माणसं होती म्हणून निभावलं. तिथं बसून त्यांचं नाव घेऊन पाणी सोडायचं म्हणजे ते गेले हे मानायचं. ते काम मी मशीनवर ढकललं.

दहा दिवसांत तुझं पत्र नाही आलं तर मी गाडीत बसतो.

तुझा,
ओमेश


मोहटोला, २३ मे

ओमेश बाबू,

तू गाडीत बसायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहून राहिली. अक्षर वाकडं आहे, खाटेवर पडून लिहिलेलं आहे.

नऊ एप्रिलले मी पाळीवरून पडली. तलाव आटला होता, धुण्याच्या दगडापाशी चिखल होता. आठ वाजाले आले होते, मी घाई केली अन् पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं हे मंग समजलं. तेव्हा फक्त एवढं समजलं का उठता येत नाही. अन् तेवढ्यात फोन वाजला. तो माझ्या हातातच होता. मी विचार केला, ओमेशच्या नावापुढं लाल खूण नको. उचलला. चिखलात पडल्या पडल्या पुरा ऐकला, शेवटच्या नावापर्यंत. ठेवला, अन् मंग मंगरूले हाक मारली.

तुले त्या दिवशी हिरवी दिसली असन. तू चहा पेला असशील.

मंगरू अन् त्याच्या बायकोनं, सुशिलानं, मले गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. एक महिना मी तठीच होती, सुशिला माझ्यापाशी राहिली. मंगरूले मी फोन देऊन परत धाडलं. त्याले सांगतलं, रोज आठले पाळीवर उचलजो, पुरा ऐकजो, मधात ठेवू नको, पोराच्या नोकरीचं काम आहे. त्यानं एक दिवस चुकवला नाही. जाळं टाकून येत होता, पण आठले हजर. एक मेले फोन वाजला नाही तेव्हा काम संपलं समजून त्यानं जाणं सोडलं. अन् दवाखान्यातून तुले कोणी कळवू नका, हे मीच सांगतलं. तुझं मोठं काम चालू होतं. मले वाटे, तू रोज हिरवं पाहून राहिला, खुशीत असशील, कायले बिघडवायचं.

म्हणजे तू खोटं बोलला अन् मी लपवलं. दोघांचं बराबर झालं.

घरी आली ती आठ मेले. तुझं वीस तारखेचं पत्र दाराच्या आत पडलं होतं, धूळ बसलेली. घागर पाळीवर नेजो म्हणतो. वाचून मले आधी हसू आलं, मंग नाही आलं. मंगरूले यातलं काही मालूम नव्हतं. आखाजीच्या दिवशीही त्यानं फोन उचलला, हाव जी म्हटलं अन् ठेवला. घागर नाही, पाणी नाही. तू ज्याले हात जोडून उभा होता ते हे होतं.

तीस वर्षं मी अंगणवाडीत हजेरी भरली, बाबू. पोराच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय टिक मारली नाही. कोणाचं पोट फुगलं आहे, कोणाचा डोळा आला आहे, हे टिकमध्ये दिसत नाही. तू नुसती टिक पाहिली. याचा मले राग आला, अन् आहे.

आता आखाजीचं ऐक. वॉर्डात माझी खाट खिडकीपाशी होती. आठ वाजाले आले, मी घड्याळाकडं पाहून राहिली, सवयच लागली होती. सुशिला चहा आणाले गेली होती. मी मनात म्हटलं, आता तठी मंगरूच्या कानात ती बाई नाव घेऊन राहिली असन. त्याच्या तोंडात तर ते लहानपणापासून आहे. तू काही आला नव्हता. अन् इकडं ज्याची पहिली आखाजी, त्याले पाणी सोडणारं कोणी नाही. स्टीलचा गिलास बाजूले होता. मी तो घेतला, खिडकीच्या बाहेर हात काढला. पहिल्यांदा तोंड उघडलं तर आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला. मी नाव घेतलं, पुरं, अन् पाणी सोडलं. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, कोणाले बोलावता जी? मी म्हटलं, घरच्यायले. मंग मी खूप रडली. ते गेले तेव्हा रडली नव्हती तितकी.

तुझ्या मशीनवाल्या बाईपेक्षा मले चांगलं येते. मी तोडून घेत नाही.

फोन चुलीपाशी पडून आहे, आता वाजत नाही. डॉक्टरनं तीन महिने पाळीवर जाऊ नका म्हटलं. सुशिला सकाळी माझी खाट अंगणात काढून देते अन् आपल्या कामाले जाते. आठ वाजले का मी एकदा त्यायचं नाव घेते, मोठ्यानं. झाडावरची पाखरं उडतात, बस. ऐकणारं कोणी नाही.

त्या घराची भीती वाटते म्हणतो. मलेही वाटते, तुले का सांगू. रोज संध्याकाळी वाटते. ये, दोघं मिळून भिऊ. पोळ्याची वाट पाहू नको. घागर मी तशीच ठेवली आहे, आखाजी गेली म्हणून का झालं. तू समोर बस, नाव मी घेईन.

तुझी मोठी माय,
बायजाबाई केशोराव कापगते